दोघांपैकी कोणाला ठेवू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ३९ वर्षांची आहे. चाकणला आमचा वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. बाबांनी भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये सुरू केलेलं काम आज साडेतीनशे माणसांवर गेलं आहे. चार वर्षांपूर्वी बाबा निवृत्त झाले आणि मी एमडी झाले. प्लांट हेड बाबांबरोबर पहिल्यापासून आहेत. मी त्यांना लहानपणापासून 'काका' म्हणते, आणि ते संचालक मंडळावरही आहेत. अडीच वर्षांपूर्वी एका बहुराष्ट्रीय कंपनीतून सेल्स हेड आणले. त्यांच्यामुळे दोन मोठे ग्राहक मिळाले. पण आज हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मेलवर भांडतात, निम्म्या कंपनीला सीसी करतात. मागच्या महिन्यात आमचा माल न पोचल्याने एका ग्राहकाची उत्पादनाची लाइन थांबली, त्या नुकसानीची डेबिट नोट आली. सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर 'तुम्हाला शॉप फ्लोअर कळत नाही' आणि 'तुम्ही अजून १९९५ मध्येच आहात' इथपर्यंत मजल गेली. दोघंही मला वेगवेगळे भेटून तक्रारी करतात. मी दोघांचं ऐकते, कोणाची बाजू घेत नाही. लोणावळ्याला दोन दिवसांचं टीम बिल्डिंगही करून झालं. अहंकाराचा प्रश्न आहे हे उघड आहे. आधीचे सेल्स मॅनेजरही दीड वर्षात वैतागून गेले होते. हेही गेले तर नवे ग्राहक जातील, काका गेले तर कारखाना अडेल. बाबांना मध्ये घालू का? तसेही काका रविवारी त्यांच्याकडे चहाला असतातच. की एकाला निरोप द्यायची वेळ आली आहे?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देणार नाही. कोणाला ठेवायचं हे ठरवण्याइतकी माहिती मला तर नाहीच, पण पत्र दोनदा वाचल्यावर असं वाटलं की ती तुमच्यापाशीही अजून नाही. आणि जे ठरवायला हवं होतं ते मात्र राहून गेलं आहे.

पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत: आधीचे सेल्स मॅनेजरही दीड वर्षात वैतागून गेले होते. म्हणजे त्या खुर्चीवर लागोपाठ दोन वेगळी माणसं बसली. स्वभाव वेगळे, अनुभव वेगळा, आणि भांडण तेच. आता यावर 'मग दोष काकांचाच' असं म्हणणं सोपं आहे. पण जरा कल्पना करून बघा. काकांच्या जागी उद्या चाळिशीचा, शांत, हसतमुख प्लांट हेड आला आणि बाकी सगळं आहे तसंच राहिलं, तर सहा महिन्यांनी तुमच्या मेलबॉक्समध्ये काय दिसेल? मला तरी तेच सीसी दिसतात. माणूस बदलूनही भांडण तसंच राहत असेल तर ते स्वभावात कमी आणि कामाच्या मांडणीत जास्त असतं. 'अहंकाराचा प्रश्न आहे' हे निदान आपल्याकडे फार पटकन होतं. त्यात करणाऱ्याची सोय असते: अहंकार त्यांचा, आपण फक्त वैतागायचं.

दोघांच्या टेबलावरून एकदा बघू. तुमच्यासारख्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यात, प्लांट हेडला सहसा विचारलं जातं ते असं: मशिन किती तास चाललं, रिजेक्शन किती, ओव्हरटाइम किती, महिन्याला किती टन माल निघाला. एकदा डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) चढवली की पाच-सहा हजार नग काढूनच उतरवायची, यात त्याचं भलं. दर वेळी डाय बदलायची म्हणजे तेवढा वेळ प्रेस उभा, पहिले काही नग बाद, आणि डाय बसवणाऱ्या सेटरची तारांबळ. सेल्स हेडला विचारलं जातं ते वेगळंच: नवे पार्ट किती आणले, ऑर्डर किती कोटींची, ग्राहक खूश आहे का. ग्राहकाने महिन्याच्या मध्यावर शेड्यूल बदललं आणि 'परवा आठशे नग द्या' म्हटलं, तर फोनवर 'हो' म्हणण्यात याचं भलं. त्या एका 'हो'मुळे प्लांट हेडच्या टेबलावरचे तीन आकडे बिघडतात, आणि प्लांटने 'होणार नाही' म्हटलं की सेल्स हेड ग्राहकासमोर तोंडघशी पडतो. दोघंही प्रामाणिकपणे आपापलं काम करत असतील तर ते भांडणारच. न भांडले तर मला जास्त काळजी वाटली असती.

आता माझा तुम्हाला प्रश्न. चालू शेड्यूल मोडून दुसऱ्या ग्राहकाचा माल मध्ये घालायचा की नाही, हे तुमच्या कंपनीत शेवटी कोण ठरवतं? तुमच्या पत्रात मला याचं उत्तर सापडलं नाही. माझा अंदाज असा की ते कोणीच ठरवत नाही. ज्याचा आवाज त्या दिवशी चढा असतो त्याचं होतं, आणि दोघांचाही चढला की तुमच्या केबिनकडे येतं.

बाबांच्या काळात हा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण ऑर्डर घेणारेही तेच आणि सकाळी शॉप फ्लोअरवर उभं राहून 'ही डाय उतरवा' म्हणणारेही तेच. ओढाताण तेव्हाही होती, पण ती एकाच डोक्यात व्हायची आणि तिथेच मिटायची. तुम्ही कंपनी वाढवली, ते काम दोन खुर्च्यांत वाटलं, आणि हे योग्यच केलंत. फक्त दोन खुर्च्यांच्या मधला निर्णय कोणाच्याच नावावर चढला नाही.

आणि इथे तुम्हाला थोडं बोचेल असं लिहितो. 'मी दोघांचं ऐकते, कोणाची बाजू घेत नाही' हे तुम्ही चांगुलपणा म्हणून लिहिलंय. दोन भावंडांच्या भांडणात आत्याने असं वागावं. एमडीने कामाच्या प्रश्नात बाजू घ्यायलाच हवी. ती माणसाची नव्हे, मुद्द्याची: या वेळी माल आधी कोणाचा जाणार, जादा खर्च कोणाच्या खात्यात पडणार. तुम्ही प्रेमाने ऐकून घेता, मान हलवता, 'बघते' म्हणता. काका समजतात, पोरीला पटलंय. सेल्स हेड समजतात, मॅडमना पटलंय. पुढच्या सोमवारी दोघंही तुमचा पाठिंबा गृहीत धरून मीटिंगमध्ये येतात. शिवाय एक सवय लागते: समोरच्याशी बोलण्यापेक्षा तुमच्याशी बोलणं स्वस्त पडतं.

वरिष्ठांमध्ये मतभेद असूच नयेत, असंही तुमच्या पत्राच्या तळाशी कुठेतरी आहे. लोणावळ्याची सहल त्यातूनच निघाली असावी. संघातल्या वादांवर झालेल्या ११६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं ते साधारण असं: माणसांमाणसांतला आकस कामाला मारक ठरतो. कामाच्या मुद्द्यावरचा वाद मात्र, त्यात आकस मिसळला नसेल तर, तितका मारक नसतो, आणि सर्वोच्च पातळीवरच्या संघांत तर त्याचं कामाशी नातं इतर संघांपेक्षा चांगलं दिसतं. तुमच्याकडे अवघड झालंय ते याचमुळे. मुद्दा अडीच वर्षं निकालात निघाला नाही, तो साचला, आणि साचता साचता 'तुम्ही १९९५ मध्ये आहात' इथवर आला. दोरीवरून चालण्याचे खेळ खेळवून मुद्दा निकालात निघत नाही. दोघांनी तिथे हसून फोटो काढले असतील, सोमवारी डाय तीच होती.

आता तुमचे पर्याय बघू.

एकाला निरोप देणं. मराठी माणसाला यावर वेगळं उदाहरण द्यायला नको. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. मोगलांना हैराण केलेले दोन सेनानी. १६९५ च्या अखेरीस दोड्डेरीला कासिमखानाचा पाडाव करणारे संताजी पुढच्या दोन वर्षांत स्वकीयांशीच झगडत होते. त्यांच्या आणि धनाजींच्या वैराची कारणं इतिहासकार वेगवेगळी सांगतात. पण राजाराम महाराजांनी सेनापतीपद एकाकडून काढून दुसऱ्याला दिल्याने ते मिटलं नाही. दोघांच्या फौजाच एकमेकींना भिडल्या, आणि १६९७ मध्ये संताजी मारले गेले. इतक्या वरच्या पदावरची माणसं एकटी नसतात. काकांनी भरती केलेले सुपरवायझर, सेटर, त्यांच्या गावाकडची पोरं तुमच्या शॉप फ्लोअरवर आहेत. सेल्स हेडच्या फोनमध्ये तुमच्या ग्राहकांच्या खरेदी विभागाचे नंबर आहेत. एकाला काढलंत तर त्याच्या बाजूची माणसं दुसऱ्याशी हिशोब चुकता करत राहतील. हा पर्याय कायमचा बाद आहे असं मी म्हणत नाही. तो शेवटी ठेवा.

बाबांना मध्ये घालणं. हे करू नका. एरवी मी इतकं ठाम लिहीत नाही. रविवारचा चहा तुम्ही असा ओघात लिहिलात की जणू त्याचा कंपनीशी संबंध नाही. संबंध आहे, आणि तो सेल्स हेडना नक्की माहीत आहे. चाकणसारख्या ठिकाणी कोणाची गाडी कोणाच्या दारात उभी होती हे सोमवारी कँटीनमध्ये कळतं. ऑगस्ट २०१७ मध्ये विशाल सिक्का यांनी इन्फोसिसचं सीईओपद सोडलं, तेव्हा संस्थापक नारायण मूर्ती कंपनीत कोणत्याही पदावर नव्हते. तरी संचालक मंडळाने त्या राजीनाम्याचं खापर त्यांच्या जाहीर आक्षेपांवर उघडपणे फोडलं. आठवड्याच्या आत मंडळाचे अध्यक्ष पायउतार झाले आणि नंदन नीलेकणी परतले. बरोबर कोण होतं हा वाद बाजूला ठेवू. पद नसलेल्या संस्थापकाचा शब्दही केवढा जड पडतो, एवढं त्यातून घ्या. बाबा उद्या मध्यस्थ म्हणून बसले, तर त्यांचा निर्णय कितीही न्याय्य असो, सगळी कंपनी एकच गोष्ट शिकेल: खरं ऑफिस अजून बाबांच्या घरी आहे. चार वर्षांत तुम्ही कमावलेलं एका बैठकीत जाईल.

चहा बंद करा असं मात्र सांगणार नाही. इतक्या वर्षांची ती दोस्ती आहे, तिच्यावर आपला हक्क नाही. बाबांशी तुम्ही बोला. काकांनी कंपनीचा विषय काढला तर बाबांनी एवढंच म्हणावं: 'हे तिला सांगितलंस का?' बहुतेक वडील हे समजून घेतात. हे सांगणं अवघड जातं ते मुलींनाच.

बाहेरचा सल्लागार किंवा कोच. उपयोग होऊ शकतो, पण कोणाचा शब्द कुठे अंतिम हे तुम्ही ठरवल्यानंतर. त्याआधी आणलात तर तो महागडा श्रोता ठरेल.

मग काय करायचं? मेरी पार्कर फॉलेट नावाच्या अमेरिकन विचारवंत बाईंनी १९२५ मध्ये संघर्षावर व्याख्यान दिलं होतं. त्यातला एक प्रसंग मला तुमच्या कारखान्याच्या फारच जवळचा वाटतो. दूध उत्पादकांची एक सहकारी संस्था फुटायच्या बेतात होती. डेअरी उतारावर. काही गवळी चढावरून खाली यायचे, काही खालून वर यायचे, आणि दुधाचे कॅन आधी कोणी उतरवायचे यावरून जुंपली होती. दोन्ही बाजूंना दोनच उत्तरं दिसत होती: आम्ही आधी किंवा ते आधी. तडजोड करायची तर पाळीपाळीने. कोणीतरी सुचवलं की माल उतरवायच्या फलाटाची जागाच बदला. दोन्हीकडच्या गाड्या एकाच वेळी लागू लागल्या आणि प्रश्न संपला. बाईंचं म्हणणं असं की एकाने दुसऱ्याला नमवणं आणि दोघांनी थोडं थोडं सोडणं यापलीकडे तिसरी वाट असते, पण ती शोधायला दोघांना खरंच काय हवंय हे आधी उघड व्हावं लागतं.

तुमच्या कारखान्यात फलाटाच्या जागी मला डाय बदलायचा वेळ दिसतो. (मी तुमचा शॉप फ्लोअर पाहिलेला नाही, त्यामुळे हा अंदाजच.) काकांचा विरोध नव्या ग्राहकाला नसेल, दर बदलाला जाणाऱ्या दोन-तीन तासांना असेल. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १९६९ च्या सुमारास हजार टनी प्रेसवर काम केलं. तिथे डाय बदलायला चार तास लागत. ते आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आलं. मशिन बंद असताना करायची कामं कोणती आणि चालू असतानाच उरकून ठेवता येतील अशी कोणती, हे वेगळं काढण्यापासून त्यांनी सुरुवात केली. तुमचे तीन मिनिटांवर येणार नाहीत. पण अडीच तासांचा तास झाला तर आठशे नगांची ऑर्डर ही काकांना शिक्षा वाटणार नाही. आणि या कामाचा कर्ता तुमच्या कंपनीत काकांहून चांगला कोण असणार? ज्याला 'जुना' म्हणून हिणवलं गेलं त्याच्याच हाताने नव्या ग्राहकाची सोय झाली तर पुष्कळ गोष्टी न बोलता सुधारतात. खर्च होईल. क्लॅम्प, ट्रॉल्या, एखादा जादा सेटर. सेल्स हेडने तो खर्च मंजूर व्हावा म्हणून तुमच्याकडे बाजू मांडावी, असं करा. मीटिंगमध्ये ते पहिल्यांदाच काकांसाठी काहीतरी मागतील.

पण हे पुढचं. आधी चार-सहा आठवड्यांत एवढं करा.

दोघांना एकेकदा, स्वतंत्रपणे, तासभर द्या. ही स्वतंत्र भेट शेवटची, हे सांगूनच. तक्रारी लिहून घेऊ नका. विचारायचं ते असं: त्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला असता? तुमचं अडतं ते कोणत्या एका गोष्टीने? मी काय केलं असतं तर हे इथवर आलं नसतं? तिसरा प्रश्न विचारताना चेहरा सरळ ठेवा. उत्तर ऐकायला जड जाईल.

मग मागच्या तीन-चार वादांची कुंडली मांडा. लाइन थांबली त्या प्रकरणाची तर नक्कीच. ग्राहकाचा बदल कोणत्या तारखेला आला, प्लांटला कधी कळला, माल कधी तयार झाला, गाडी कधी सुटली, डेबिट नोट कितीची. हे काम प्लॅनिंगच्या माणसाकडून आणि अकाउंट्सकडून करून घ्या, दोघांपैकी कोणाकडून नको. कागदावर फक्त तारखा आणि रुपये येऊ द्या, 'का' आणि 'कोणामुळे' नको. तारखा ओळीने लागल्या की बऱ्याचदा दिसतं की दोघांनीही वेळेवर केलं होतं आणि माहिती मधल्या मध्ये दोन दिवस पडून होती.

त्यानंतर तिघांची बैठक, तिघांचीच. सोमवारच्या मीटिंगमध्ये नाही, तिथे प्रेक्षक असतात आणि प्रेक्षकांसमोर कोणी माघार घेत नाही. जागा तुमची केबिनही नको, कॉन्फरन्स रूम बरी. आधी कागद वाचायला वेळ द्या. मग तुम्ही सुरुवात करा आणि सुरुवातीलाच सांगा की शेड्यूलचा शेवटचा शब्द कोणाचा हे मी ठरवून द्यायला हवं होतं, आज ते ठरवून उठायचं आहे. मागचं उकरायला कोणी लागलं तर कागदावर बोट ठेवा.

ठरवायचं काय, तर साधारण असं. पुढच्या अमुक दिवसांचं शेड्यूल गोठवलेलं. पाच दिवस असतील, सात असतील, ते ग्राहक बघून ठरवा. गोठवलेल्या दिवसांत बदल करायचा तर अंतिम शब्द प्लांट हेडचा. त्यापलीकडच्या तारखांत कोणत्या ग्राहकाला प्राधान्य यावर अंतिम शब्द सेल्स हेडचा. ग्राहकाला गोठवलेल्या दिवसांतली तारीख द्यायची तर फोनवर 'विचारून तासाभरात सांगतो', आणि तासाभरात उत्तर देण्याची जबाबदारी प्लांटची. दोघांचं नाहीच जमलं तर तुमच्याकडे यायचं, पण दोघांनी एकत्र, आणि तुम्ही त्याच दिवशी निर्णय द्यायचा. कॅथलीन आयझेनहार्ट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तंत्रज्ञान क्षेत्रातल्या १२ कंपन्यांच्या वरिष्ठ संघांवरचं काम मांडलं. कमी धुसफूस असलेल्या संघांत त्यांना हीच पद्धत दिसली: आधी एकमताचा मनापासून प्रयत्न, नाही झालं तर ज्याचा तो विषय त्याने इतरांचं ऐकून निर्णय घ्यायचा. एकमत होईपर्यंत ताणत बसणाऱ्यांकडे उलट कटकटी जास्त होत्या. आपल्याकडे 'सगळ्यांच्या संमतीने' याचं फार कौतुक असतं. पण त्यात शेवटी जो जास्त वेळ ताणू शकतो त्याचंच होतं.

याच बैठकीत इन्सेंटिव्हला हात घालू नका, आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या. पण घालाच. दोघांच्याही मूल्यमापनात एक मोठा हिस्सा एकाच आकड्याचा ठेवा: ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या संख्येने गेलेला माल. स्पेशल टेम्पोचा आणि डेबिट नोटचा खर्च दोघांच्या खात्यात निम्मा निम्मा टाका. पहिल्या महिन्यात दोघंही तुमच्यावर चिडतील. चालेल. एकमेकांवर चिडण्यापेक्षा ते परवडलं.

तुमच्या केबिनचा नियमही त्या दिवसापासून बदलला पाहिजे. कोणी एकटा तक्रार घेऊन आला की: 'त्यांच्याशी बोललात का? नसेल तर त्यांना बोलवू का आत्ता?' आणि खरंच फोन उचला. तीनदा केलंत की चौथी वेळ क्वचित येते. भांडणाच्या मेलला मेलने उत्तर देऊ नका, सीसीमधल्या कोणालाही देऊ देऊ नका.

'काका' या हाकेचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही. तरी सांगतो. मीटिंगमध्ये एकाला काका आणि दुसऱ्याला आडनावाने मिस्टर अमुक, हे सेल्स हेड अडीच वर्षं ऐकत आहेत. ते कितीही ग्राहक आणोत, त्या खोलीत ते पाहुणेच. पण पुढच्या सोमवारपासून अचानक काकांना 'साहेब' म्हणू लागलात तर त्यांच्या काळजाला घरं पडतील. आधी त्यांच्या घरी जा, काकूंसमोर सांगा की मीटिंगमध्ये मी सगळ्यांनाच आडनावाने साहेब म्हणणार आहे, घरी तुम्ही काकाच. ते हसतील, थोडे दुखावतील, आणि समजतील. तुमच्या लहानपणापासून कंपनीत असलेल्या माणसाला आणखी एक भीती असते, तीही त्याच भेटीत काढून टाकता आली तर बघा: माझ्यानंतर कोण, आणि तोवर मला मान राहणार का? ते छप्पन-सत्तावन्नचे असावेत. त्यांचं तीन वर्षांनंतरचं चित्र त्यांना कोणी दाखवलंच नसेल, तर प्रत्येक नवा माणूस त्यांना आपल्या जागेवर आलेला वाटणारच.

हे सगळं मतभेदाबद्दल झालं. माहिती मुद्दाम दडवणं, चुकीचे आकडे देणं, हाताखालच्याला दुसऱ्या विभागाशी बोलू न देणं, अपमान करणं, हे मतभेद नव्हेत. ती गैरवर्तणूक आहे आणि तिच्यासाठी तीन महिने थांबायचं नसतं. दोघांनाही लेखी आणि एकसारख्या शब्दांत कळवा. 'एवढी वर्षं झाली' ही सबब एकाला आणि 'एवढा धंदा आणला' ही दुसऱ्याला मिळता कामा नये. आणि प्लॅनिंग-डिस्पॅचमधल्या त्या दोन-चार पोरांना एकदा बोलावून चहा पाजा. दोन साहेबांच्या मध्ये रोज तीच भरडली जातात, आणि राजीनामा पहिला त्यांच्यातल्याच कोणाचा येतो.

असं पत्र लिहिणारे सगळे मालक नसतात. रुग्णालयाचे वैद्यकीय संचालक आणि प्रशासक, पतसंस्थेचे अध्यक्ष आणि व्यवस्थापक, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि संस्थेचे सचिव यांच्या मध्ये सापडलेले पुष्कळ जण कळवतात की निर्णय आमच्या हातात नाही. त्यांना मी एवढंच सुचवतो की निरोप्या होऊ नका. एकाचा राग दुसऱ्याकडे पोचवू नका, सौम्य करूनही नको. 'दोघांपैकी कोणाचं ऐकू?' असं विचारण्याऐवजी दोघांना एकाच मेलमध्ये लिहा: या कामाच्या दोन सूचना परस्परविरोधी आहेत, उद्या बारापर्यंत कळलं नाही तर मी पहिली पाळेन. बहुतेक वेळा अकराला फोन येतो. अर्थात वरचा माणूस सूड उगवणारा असेल तर हे जपून करा, अशा ठिकाणी वाचवायचा तो आधी आपला पगार.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. नियम ठरले, आकडा एक झाला, तीन-चार महिने गेले, आणि तरी एकजण ठरलेलं पाळत नाही, तर त्या वेळी कोणाला ठेवायचं हे तुम्हाला मला विचारावं लागणार नाही. फक्त एक आधी करून ठेवा. काका कर्मचारी आहेत आणि संचालकही आहेत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरी संपवली म्हणून संचालकपद आपोआप जात नाही. त्यांनी स्वतः राजीनामा दिला नाही तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे विशेष नोटीस, भागधारकांचा ठराव आणि त्यांना बाजू मांडण्याची संधी, असा रस्ता आहे. बाबांकडे किती शेअर आहेत, काकांकडे काही आहेत का, हे कंपनी सेक्रेटरीकडून शांतपणे समजून घ्या. सेल्स हेडच्या नेमणूकपत्रात नोटीस किती महिन्यांची आहे तेही वाचून ठेवा. यातलं काहीच वापरावं लागणार नाही अशी शक्यता जास्त आहे.

तिघांची बैठक मार्चअखेरीला किंवा ग्राहकाच्या ऑडिटच्या आठवड्यात ठेवू नका. महिन्याची दहा-बारा तारीख बरी, तोवर मागच्या महिन्याचा डिस्पॅच संपलेला असतो आणि पुढच्याची घाई सुरू झालेली नसते. झाल्यावर काय ठरलं ते मला कळवा. गोठवलेले दिवस पाच ठेवलेत की सात, हे जाणून घ्यायला आवडेल.